मिठाच्या दोन बरण्या

थोरलीला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. बोलता यायचं, पण पचायचं नाही. ज्या दिवशी एखादी थाप मारावी लागे त्या दिवशी तिला घास जात नसे, आणि देवापुढे हात जोडले तरी मन जाग्यावर नसे. म्हणून तिनं फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं की आपल्याला जे सोसत नाही त्याच्या वाटेला जायचं नाही. "यात मोठेपणा कसला?" ती म्हणायची. "कुणाला वांगं सोसत नाही, कुणाला दूध. मला हे."

उभं आयुष्य तिनं एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात काढलं. उभं म्हणजे खरोखरच उभं. पहाटेपासून इस्त्रीच्या टेबलाशी, समोर चादरींचा डोंगर, अंगावर वाफ. तिच्या हाताखालून गेलेली चादर ओळखू यायची. घडी अशी की कोपऱ्याला कोपरा लागलेला, जणू शिवलेलाच. पण इतकी वर्षं उभं राहून शेवटी पायांच्या नसा वर आल्या, घोटे सुजून मुसळासारखे झाले, आणि डॉक्टर म्हणाले, "बाई, आता बसा." बसा म्हणणं सोपं असतं. बसून खायला घालणारं घरात कुणी नव्हतं. मूलबाळ झालं नाही, नवरा आधीच गेलेला.

नवरा रंगारी होता. तो आणि त्याचा धाकटा भाऊ मिळून घरं रंगवायचे. थोरला उंच, म्हणून छत त्याचं. धाकटा ठेंगणा, म्हणून भिंती त्याच्या. दोघांचं कधी भांडण झालं नाही. थोरली म्हणायची, छताची आणि भिंतीची गाठ पडायची ती कोपऱ्यात, तिथं दोघं बिडी ओढायला बसत. दोघांच्या खोल्या एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, समोरासमोर. मध्ये अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला दोन्ही घरांचा मिळून एक नळ. भाऊ गेले तेही असे एकापाठोपाठ एक, जणू एकानं शिडी धरली आणि दुसरा चढला. मागं राहिल्या दोन जावा.

आता भाऊ जितके गोडीनं राहिले तितक्या जावा राहतील, असा काही नियम नाही.

धाकटी जाऊ जात्याच तिखट. तिनं सिनेमाच्या तिकीट खिडकीवर नोकरी केली होती. त्या छोट्या भोकातून बोलायची सवय लागली, त्यामुळे तिचं बोलणं तुटक, मोठ्यानं, आणि पुढच्याला हात मागं घ्यायला लावणारं. थिएटर बंद पडलं, खिडकी गेली, आवाज तेवढा राहिला. दिराच्या माघारी एकदा थोरलीनं बोळातल्या फळीवर पडलेला हिरव्या रंगाचा अर्धा डबा पाहिला. दार फार भुंडं दिसतं म्हणून तिनं तो उघडला आणि आपलं दार रंगवून टाकलं. दार झकास दिसायला लागलं. धाकटी बाजारातून आली, दार पाहिलं आणि हातातली पिशवी तिथंच सोडली.

"तो डबा कुणाला विचारून घेतलात?"

"अगं, नुसता पडला होता. वाळून गेला असता."

"वाळू दे की! तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

तो रंग तिच्या नवऱ्यानं शेवटचा घोटलेला होता. दुकानात मिळणारा हिरवा नव्हे. निळा, पिवळा आणि आणखी काहीतरी मिसळून त्यानं स्वतः केलेला, तिच्या खिडकीसाठी. तसा रंग पुन्हा होणार नव्हता. थोरलीला हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता, आणि धाकटीच्या तोंडून तोवर इतकं काही गेलं होतं की थोरलीनंही मग माफी गिळून टाकली. बोलणं थांबलं. दोन चुली तर आधीपासूनच होत्या. आता दोन अबोले झाले. आणि धाकटीच्या नशिबी असं आलं की रोज दार उघडलं की समोर तो रंग, भलत्याच दारावर.

अशात दोघींनी निराधारांच्या सरकारी मदत कचेरीत महिन्याच्या पैशांसाठी अर्ज केला. एकमेकींना न सांगता, आणि देवाची गंमत बघा, एकाच आठवड्यात. कचेरीतून तपासणीला एक साहेब आले. गोल पोटाचे, जिना चढून धापा टाकणारे, पण नजर सुईसारखी. एका कुळातल्या दोन बायका, एकाच मजल्यावर. तेव्हा हे घर एक की दोन, हे त्यांना ठरवायचं होतं. चूल एक असेल तर मदत एक, दोघींची मिळून. चुली दोन असतील तर एकेकटीची वेगळी. दोन मदती मिळून जे हाती येतं, त्यापेक्षा एका चुलीची मदत कमी. कारण सरकारचं म्हणणं असं, की दोघी एकत्र जेवल्या की दिवा एक जळतो, जाळ एक लागतो. ते काही खोटंही नाही.

साहेबांनी पलंग बघितले नाहीत, शेगड्याही नीट बघितल्या नाहीत. म्हणाले, "मीठ कुठं ठेवता?"

थोरलीनं आपली काचेची बरणी दाखवली. समोर जाऊन त्यांनी धाकटीची चिनीमातीची बरणी उघडायला लावली. दोन्ही भरलेल्या, दोन्हींत ओला चमचा जाऊन मीठ चिकटलेलं. साहेब हसले. "लोक शेगडी उसनी आणतात, खाट उसनी आणतात. मिठाचं कुणाच्या ध्यानात येत नाही. जितक्या वापरत्या बरण्या तितक्या चुली." तरी रीत म्हणून त्यांनी विचारलं, "दोघी एकत्र जेवता का?"

धाकटी बोळात उभी राहून, अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, "यांच्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही मी!"

"लिहून घेतो," साहेब म्हणाले.

मदत सुरू झाली. तिच्याबरोबर एक छापील कागद आला, आणि त्याच्या तळाशी एक ओळ होती: परिस्थितीत कोणताही बदल झाल्यास कचेरीस त्वरित कळवावे. थोरली मराठी चौथी झाली होती, वाचलेल्या शब्दावर तिचा विश्वास होता. कोणताही म्हणजे कोणताही.

तेव्हापासून ती कळवायला लागली.

चष्म्याचा नंबर वाढला, कळवलं. दाढ काढली, कळवलं. भाच्यानं जुना रेडिओ दिला; ती वस्तू घरात आली म्हणून कळवलं, आणि तो आठवड्यात बंद पडला तेव्हा तेही जाऊन सांगितलं. जिन्यातल्या मांजरीनं तिच्या पलंगाखालच्या खोक्यात पिल्लं घातली तेव्हा तर ती सकाळीच जाऊन रांगेत उभी राहिली. खिडकीतली बाई तशी चांगली होती. केसांचा घट्ट अंबाडा, गालात कायम खोकल्याची गोळी. सुरुवातीला तिनं सगळं लिहून घेतलं. मांजरीच्या वेळी मात्र तिनं पेन खाली ठेवलं.

"आजी, हा बदल नव्हे."

"मग काय आहे?"

"ही बातमी आहे." गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. "बदल म्हणजे घरात माणूस वाढलं, माणूस कमी झालं, कमाई सुरू झाली, जागा सोडली, चूल एक झाली. मांजर म्हणजे बातमी."

"बरं. पण कळवलं आपलं."

"कळवलंत. पुढचे या."

थोरलीनं मान डोलावली, पण कळवणं सोडलं नाही. कोणता बदल आणि कोणती बातमी हे ठरवणारी आपण कोण? ते कचेरीचं काम. आपलं काम सांगायचं. कचेरीत तिला सगळे बातमीवाल्या आजी म्हणू लागले, आणि ती खिडकीशी आली की खिडकीतली बाई वर न बघताच "छान, छान, पुढचे या" असं म्हणायला शिकली.

मग धाकटी जिन्यात घसरली आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला.

कण्हण्याचा आवाज ऐकून थोरली सुजल्या पायांनी खाली उतरली. बोलणं तर बंद होतं, म्हणून दोघीही मुकाट्यानं दवाखान्यात गेल्या, मुकाट्यानं परत आल्या. हात पांढऱ्या प्लास्टरमध्ये. संध्याकाळी थोरलीनं आपल्या हिरव्या दाराआडून बघितलं, तर धाकटी डाव्या हातानं कांदा कापत होती. म्हणजे कांदा ताटभर पळत होता आणि ती सुरी घेऊन त्याच्या मागं. थोरलीनं भात-भाजीचं भांडं झाकून तिच्या उंबऱ्यावर ठेवलं, कडी वाजवली आणि परत आली. सकाळी भांडं धुऊन उंबऱ्यावर आलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी भांड्याबरोबर आवाज आला.

"मीठ कमी होतं."

अबोल्यानंतरचं हे पहिलं वाक्य. थोरली दाराआड तोंडाला पदर लावून हसली.

"उद्यापासून इथं येऊन जेव. हवं तेवढं घालून घे."

"बघते. पाय मोकळे झाले तर," धाकटी म्हणाली. मोडला होता हात.

आली. आधी जेवायला, मग चहाला, मग भाजी निवडायला. एका हातानं ती शेंगा सोलायची आणि तोंडानं थोरलीच्या हातचं सगळं मोडीत काढायची. "जाऊबाई, तुमची भाजी म्हणजे दवाखान्यातली. खाल्ली की माणूस बरं होतं, पण जगावंसं वाटत नाही." थोरलीला हे बोलणं ऐकून असं वाटायचं की जणू वर्षानुवर्षं बंद पडलेलं घड्याळ घरात पुन्हा वाजायला लागलं. एकटीच्या जेवणाला चव नसते हे तिला माहीत होतं. पण दुसरीच्या शिव्यांनी ती इतकी परत येते हे ठाऊक नव्हतं. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, आणि धाकटी आपली येतच राहिली. येताना काही आणायची, कधी बटाटे, कधी अंडी. तिची शेगडी गार पडली. एकदा थोरलीनं हळूच रंगाच्या डब्याचा विषय काढला. "मला ठाऊक नव्हतं गं. ठाऊक असतं तर हात लावला नसता."

धाकटीनं हिरव्या दाराकडे बघितलं. "माझ्या खिडकीला लावला असता तर मला आतून दिसलाच नसता," ती म्हणाली. "आता समोर दिसतो. राहू दे."

त्या दिवशी देवापुढे हात जोडताना थोरलीनं काही मागितलंच नाही. आणि नेमकं तेव्हाच तिच्या मनात आलं: हा बदल आहे.

बातमी नव्हे. खिडकीतल्या बाईनं बोटांवर मोजून सांगितलेला, चूल एक झाल्याचा बदल.

आजवर मांजरी आणि दाढा कळवणारी ही बाई पहिल्यांदाच कळवायला कचरली. तिनं जेवताना विषय काढला, चाचरत.

धाकटीचा घास हातातच राहिला. "काय करणार म्हणालात?"

"कळवायला हवं. कागदावर तसं आहे."

"कागदावर आहे! जाऊबाई, देवानं डोकं दिलंय ते काय नुसतं पदर अडकवायला? चूल एक झाली म्हणून सांगा, की दोघींची मदत कापतील. जेमतेम भागतंय ते जड जाईल. कुणाचं वाईट करतोय आपण? जेवतोय फक्त!"

"देव बघतोय ना."

"देव बघतोय ते बरंच आहे. त्याला सगळं ठाऊक आहे, त्याला अर्ज लागत नाही. कचेरीला कशाला सांगायचं?"

"खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं."

"मग ऐका." धाकटी ताट घेऊन उठली. "तुम्ही कळवलंत, तर मी माझी शेगडी पेटवली म्हणून समजा. एकटी राहिले आहे, पुन्हा राहीन. मग बसा तुम्ही आणि तुमचं मीठ."

म्हणजे आता पेच असा होता. न कळवावं तर गळ्याखाली घास उतरत नाही, आणि कळवावं तर घासाला सोबत उरत नाही.

थोरली आठवडाभर तशीच घुटमळली. भाजी करपली, दूध उतू गेलं. धाकटी म्हणालीही, "चेहरा का असा? कळवलं नाहीत ना?" "नाही." "मग जेवा." पण कुठचं जेवण! शेवटी एका सकाळी ती भाजी आणायला जाते म्हणून निघाली. हेही खोटं नको, म्हणून वाटेत खरोखरच भाजी घेतली, आणि कचेरीत जाऊन रांगेत उभी राहिली.

नंबर आला. "बाई, माझी आणि जाऊची चूल एक झाली."

खिडकीतली बाई एक गठ्ठा बांधत होती. तिनं मान वर केली नाही. "छान झालं, आजी. छान. पुढचे या."

मागच्या माणसानं पुढं सरकून आपला कागद आत सारला. थोरली बाजूला झाली. दाराबाहेर आली. तिथल्या बाकावर बसली आणि तिला एकदम हलकं हलकं वाटायला लागलं. सांगितलं की आपण! शब्दन्‌शब्द सांगितलं. आता तिनं ऐकलं नाही, लिहिलं नाही, त्याला आपण काय करणार? तोंड आपलं, कान तिचे. देवानंच ही पळवाट काढून दिली म्हणायची. मदतही राहिली, धाकटीही राहिली, आणि आपण खोटंही बोललो नाही. ती उठली, बसथांब्यापर्यंत गेली सुद्धा.

थांब्यावर उभं असताना पाय ठणकायला लागले, आणि पाय ठणकले की तिला धुलाईघर आठवायचं. तिथं एक युक्ती सगळ्या बायकांना ठाऊक होती. इस्त्रीनं चादर करपली, पिवळा डाग पडला, तर घडी अशी घालायची की डाग आतल्या पुडात जातो. वर पांढरीशुभ्र. मुकादम गठ्ठ्यावरून हात फिरवायचा आणि पुढं जायचा. कुणी खोटं बोललेलं नसायचं. मुकादमानं विचारलेलंच नसायचं. थोरली मात्र करपलेली चादर उघडी करून मुकादमाच्या टेबलावर नेऊन टाकायची आणि शिव्या खायची. बायका हसायच्या. "डाग आत आहे ना? मग झालं." ती म्हणायची, "आत आहे, पण आहे ना! रात्री त्यावर झोपणाऱ्याला दिसेलच की."

बस आली. दार उघडलं. ड्रायव्हर म्हणाला, "चढा मावशी."

"नाही बाबा. घडी मोडायची राहिली," थोरली म्हणाली आणि परत फिरली. ड्रायव्हरला काय कळलं असेल ते तोच जाणे.

ती पुन्हा रांगेच्या शेवटी उभी राहिली. पुन्हा खिडकीशी आली. बाईनं "छान" म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात थोरलीनं खिडकीच्या फळीवर हात आपटला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुठं हात आपटला असेल.

"बाई, वर बघा. ही बातमी नव्हे. हा बदल आहे."

खिडकीतल्या बाईनं वर बघितलं. गालातली गोळी थांबली. "काय झालं आजी?"

थोरलीनं सगळं पुन्हा सांगितलं. आता बाईनं ऐकलं, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा पडला. आवाज खाली आणून ती म्हणाली, "मदत कमी होईल, कळतंय ना? घरी बोललात?"

"बोलले. म्हणूनच तर पाय जड झालेत."

"तपासणी होईल. साहेब येऊन बघतील."

"येऊ देत. लिहा तुम्ही."

घरी येऊन तिनं पिशवी ठेवली आणि धाकटीला बोलावून स्पष्ट सांगितलं. आदळआपट होईल अशी तिची तयारी होती. पण धाकटी ओरडली नाही, तेच वाईट. "बरं," एवढंच म्हणाली. आपला चहाचा कप धुतला, आपला पाट उचलला, बोळ ओलांडून गेली आणि दार लावलं. संध्याकाळी समोरच्या खोलीतून शेगडी पेटल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशीही. नळावर गाठ पडे तेव्हा धाकटी बादलीकडे बघे. थोरलीचा हात मात्र सवयीचा गुलाम; मुठी मोजून टाकायची ती दोघींच्या तांदळाच्या. ताटंही दोन मांडायची, मग बसून त्यातल्या रिकाम्या ताटाकडे बघत जेवायची. पण एक सांगायला हवं. घास उतरत होता. दुःख होतं, पण घशात नव्हतं.

आणि अशा ऐन जेवणाच्या वेळेला ते तपासणीचे साहेब आले. तेच, पोट जरा आणखी गोल, केस पिकलेले, धाप तीच. बोळात उभे राहून त्यांनी इकडं बघितलं, तर थोरलीची शेगडी पेटलेली. तिकडं बघितलं, तर धाकटीची शेगडी पेटलेली, वर पातेलं, पातेल्यात भाजी रटरटतेय.

"आजी," ते म्हणाले, "तुम्ही तर कळवलंय की चूल एक झाली."

"झाली होती हो."

"मग या दोन काय आहेत?"

जन्मात पहिल्यांदा थोरलीचं खरं बोलणं खोटं ठरायला निघालं होतं. "कळवलं तेव्हा एकच होती," ती म्हणाली, "कळवल्यामुळे दोन झाल्या."

साहेबांनी कपाळ पुसलं. असा अर्ज त्यांच्या नोकरीत आला नसावा. त्यांनी आत नजर टाकली. जमिनीवर दोन ताटं मांडलेली. "दुसरं कुणाचं?"

"कुणाचं नाही. सवय."

बोळाच्या पलीकडे धाकटी दाराशी उभी होती, हातात डाव. तिनंही ते ताट बघितलं. साहेब वळले आणि तिच्याकडे गेले. "बाई, तुमची मिठाची बरणी जरा दाखवा."

धाकटी जागची हलली नाही. साहेबांनी स्वतःच फळीवरून चिनीमातीची बरणी उतरवली, झाकण काढलं. बरणी पालथी केली असती तरी काही पडलं नसतं. तळाशी कोळ्यानं जाळं विणलं होतं.

"आणि ही भाजी?" साहेबांनी पातेल्याकडे बोट केलं.

"शिजतेय."

"मीठ कुठंय तिचं?"

धाकटीनं डाव पातेल्यात घातला, ढवळला, काढला. तीन दिवस ती बिनमिठाचं खात होती. मीठ बोळापलीकडे होतं, आणि मागायला जाणं म्हणजे हार. थोरलीला हे आत्ता कळलं.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. ते थांबले, आणि डोळे बरणीवरच ठेवून म्हणाले, "आजच संपलं असेल. संपतं कधीकधी. शेगड्या दोन पेटलेल्या आहेत त्या मी डोळ्यांनी बघतोय. तुम्ही वेगळं जेवतो म्हणालात, तर मी दोन लिहितो. तुमचं तुम्ही सांगा. चूल एक की दोन?"

थोरलीनं आपल्या दाराची चौकट धरली. एका शब्दाचं काम होतं. धाकटीनं 'दोन' म्हटलं की दोघींची मदत होती तशी राहणार, आणि बोळही होता तसा राहणार, कायमचा. हे धाकटीलाही कळत होतं. तिनं समोरच्या हिरव्या दाराकडे बघितलं. मग त्या दाराला टेकलेल्या, पाय सुजलेल्या बाईकडे. मग एकदम तिचा तो तिकीट खिडकीचा आवाज सुटला.

"एक आहे हो साहेब! एकच आहे. आज रुसलीय, एवढंच."

"रुसलीय?"

"चूल रुसते साहेब. तुमच्या घरी कधी रुसली नाही का?"

साहेबांनी खाकरून गळा साफ केला. "रुसते," ते म्हणाले. "महिन्यातून दोनदा."

"मग तेव्हा काय तुमच्या घराची दोन घरं होतात?"

"नाही होत."

"मग लिहा एक!"

ती आत गेली, शेगडी बंद केली, फडक्यानं पातेलं धरलं, आणि साहेबांना बाजूला सारून बोळ ओलांडून थोरलीच्या खोलीत शिरली. पातेलं थोरलीच्या शेगडीवर आदळलं. "बघताय काय जाऊबाई? मीठ द्या. तीन दिवस गवत खातेय मी."

थोरलीनं काचेची बरणी पुढं केली. घाईत थोडं मीठ जमिनीवर सांडलं. धाकटीनं चिमूटभर घातलं, चाखलं, आणखी चिमूटभर घातलं.

"साहेब, तुम्हीही बसा दोन घास," थोरली म्हणाली. "जिना चढून आलात."

"तपासणीला आलेल्यानं जेवायचं नसतं, आजी." पण ते दाराशी जरा रेंगाळले, वासामुळे असेल. लिहिताना त्यांनी मान वर केली. "दोघी एकत्र राहणार, तर दोन खोल्यांचं भाडं कशाला भरता? एक सोडलीत तर कमी झालेलं बरंचसं भरून निघेल. जागेचा बदल मात्र कळवायला लागेल."

धाकटीनं डोळे गरकन फिरवले. "आता झालं! यांना आणखी एक कारण मिळालं."

"आणि साहेब," थोरलीनं काळजीनं विचारलं, "पुन्हा कधी रुसवा झाला, आणि ही दोन दिवस वेगळी जेवली, तर येऊन कळवायचं का?"

"नको!" साहेब आणि धाकटी एकदमच ओरडले.

ते धापा टाकत जिना उतरून गेले. पुढच्या महिन्यात मदत कमी झाली ती झालीच. देवाच्या दयेनं भागलं. समोरची खोली सोडली. तीतला पलंग इकडं आला, धाकटीचा पाट परत आला, आणि चिनीमातीची ती बरणी धाकटीनं धुऊन पुसून खिडकीत ठेवली. आता तीत तिची बटणं आणि सुया असतात. खोली सोडल्यावर रोज समोर दिसणारं हिरवं दार धाकटीला दिसेनासं होईल असं थोरलीला वाटलं होतं, कारण रंग दाराच्या बाहेरच्या अंगाला. पण धाकटीनं पलंग अशा अंगानं लावून घेतला की दार उघडून आत लोटलं की रंग तिच्या डोळ्यांसमोर येतो. दिवसभर ते दार उघडंच असतं.

जागेचा बदल कळवायला दोघी मिळूनच गेल्या. खिडकीतल्या बाईनं लिहून घेतलं आणि विचारलं, "आणखी काही?"

"मांजरीला पुन्हा पिल्लं झालीत," थोरली म्हणाली.

बाईनं धाकटीकडे बघितलं. धाकटीनं खांदे उडवले. "लिहा हो. नाहीतर घरी जेवणार नाहीत या, आणि मला एकटीला जेवायचा कंटाळा येतो."